गोळी सुरू करण्यापूर्वी

माहुल गाव, मुंबई ७४

प्रिय बाळा,



एडीएचडीचं निदान झालं, डॉक्टरांनी मेथिलफेनिडेट लिहून दिलं, तू पाकीट आणलंस आणि ते पुण्याच्या खोलीत कपाटात तसंच पडून आहे. मी ही गोळी घेते हे तुला ठाऊक आहे, म्हणून विचारलंस, "आत्या, ती घेतल्यावर मी मीच राहीन ना?" दोन मिनिटांच्या फोनवर याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं काम तू पाहिलं आहेस. रिफायनरीच्या गेटसमोर आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सकाळपासून टँकर लागतात. ड्रायव्हर ओरडत असतात, दोन फोन एकदम वाजतात, गाडी नंबर, प्रत्येक कप्प्याचे सील नंबर, चलन, सगळं एका दमात. त्या धांदलीत माझी चूक होत नाही. पण महिनाअखेरीला माल उतरवून परत आलेली सही-शिक्क्याची चलनं बिलांना लावायची असतात. कुणी ओरडत नाही, घाई नाही, एकसुरी काम. ते मात्र माझ्याच्याने होत नसे. गठ्ठा समोर, मी खुर्चीत, आणि दुपार निघून जायची. लोक आळशी म्हणायचे. आळशी माणूस रात्री सुखाने झोपतो. मी न झालेल्या कामाचा विचार करत पहाटेपर्यंत जागी असायची.

पहिल्यांदा गोळी घेतली तेव्हा काही चढलं नाही, हात-पाय हलके झाले नाहीत. पाऊण तास गेला असेल. पंख्याची घरघर, बाहेरचे हॉर्न, शेजारच्या टेबलावर चाललेलं रील, सगळं ऐकू येत होतं, पण त्यातलं काही मला ओढून नेत नव्हतं. मी एक चलन उचललं, सील नंबर ताडून पाहिला, बिलाला लावलं आणि दुसरं उचललं. एवढंच झालं. ज्याला हे रोज जमतं त्याला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. काम सुरू करण्यासाठी मला मनातल्या मनात स्वतःला शिव्या द्याव्या लागल्या नाहीत, हे माझ्यासाठी नवीन होतं.

मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं असतात. ती लगेच परत शोषली जाऊ नयेत, थोडी अधिक वेळ कामाला यावीत, इतकं हे औषध करतं. साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो. औषध काल-परवाचं नाही, १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं आहे. कुठलं काम करायचं हे मात्र गोळी सांगत नाही. त्या वेळात हातात मोबाइल असेल तर लक्ष मोबाइलला चिकटतं, आणि मग एरवीपेक्षा घट्ट चिकटतं. एका सकाळी मी बिलं सोडून भांड्यांचं कपाट आवरत बसले होते, आणि फार मन लावून. म्हणून उद्याचं पहिलं काम आदल्या रात्रीच ठरवून टेबलावर काढून ठेवत जा.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. मध्यंतरी माझी दुपारची मात्रा वाढवली होती. काम झपाझप उरकत होतं, मी खूश होते. त्याच दिवसांत गावात हळद होती. आपल्या कोळीवाड्यातली हळद तुला सांगायला नको. बँजो सुरू झाला की पदर खोचून पहिली उतरते ती मी. त्या संध्याकाळी मी खुर्चीवर बसून होते. उदास नव्हते, कुणावर रागही नव्हता. रिकाम्या कागदी प्लेटा एकात एक घालून नीट रचत होते आणि त्यातच माझं समाधान होतं. तुझ्या आईने हात धरून ओढलं, मी उठले नाही. मग ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तू आज हळदीला आलीच नाहीस ग." मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण मला स्वतःला यातलं काही जाणवलं नव्हतं. उलट आपण किती शांत झालो, असंच वाटत होतं.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी मात्रा खाली आणली आणि नाचणं परत आलं. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: बरोबर मात्रेत तू तूच राहतोस. मात्रा जास्त झाली तर काही माणसं कोरडी होतात, आणि ज्याचं त्याला ते कळायला उशीर लागतो. म्हणून औषध लागू पडतंय का, हे एकट्याने ठरवू नकोस. दिवसअखेर काय झालं, काय राहिलं ते वहीत दोन ओळींत लिही, आणि तुझ्याबरोबर राहणाऱ्या मित्राला सांगून ठेव, "माझ्यात काही वेगळं दिसलं तर बोल." पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ती वही आणि मित्राचं म्हणणं ठेव. माझी मात्रा मी तुला सांगणार नाही, तू विचारूही नकोस. सारख्या वजनाच्या दोघांना वेगवेगळी मात्रा लागू शकते. ती थोडीपासून हळूहळू वाढवत शोधायची असते.

असर ओसरताना त्रास होतो, तोही आधीच सांगते. संध्याकाळी घरी पोहोचायला आणि गोळी उतरायला एकच गाठ पडायची. साध्या "चहा ठेवू का" वर मी खेकसायची. डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या, मग ते निवळलं. तुझं तसं झालं तर सहन करत बसू नकोस, सांग. भूक तर बऱ्याचदा मरते. डबा तसाच परत येतो. सकाळी गोळीच्या आधी पोटभर खा, भाकरी आणि सुकटीची चटणी चालेल, नुसत्या चहा-बिस्किटावर गोळी नको. चहा-कॉफीही कमी कर, नाहीतर छाती धडधडेल. दारूबरोबर तर अजिबात नको. उशिरा घेतलीस तर रात्री झोप येणार नाही.

डॉक्टरांना एक गोष्ट तू सांगितली नसशील, कारण ती आपल्या गावात कुणाला सांगण्यासारखी वाटतच नाही. तू लहानपणापासून दम्याचा पंप घेतोस. मेथिलफेनिडेटने नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो. ते सोसलं नाही तर ॲटोमॉक्सेटिन देतात; त्याचा पूर्ण असर दिसायला काही आठवडे लागतात, ते रोज घ्यावं लागतं, आणि दम्याच्या काही औषधांबरोबर त्याने हृदयाचे ठोके वाढू शकतात. म्हणून पंपाचं नाव, सर्दीच्या गोळ्या, आणि तुझ्या काकांचं तरुणपणीच हृदयविकाराने जाणं, हे सगळं कागदावर लिहून ने.

आईला अजून सांगितलं नाहीस. सांग. ती आधी म्हणेल, ही डोक्याची गोळी, सवय लागेल. मग म्हणेल, हे सगळं कंपन्यांच्या वासाने झालं. तिला वेड्यात काढू नकोस. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये माहुल-आंबापाड्याच्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं आहे. तानसा जलवाहिनीजवळची घरं पाडून ज्यांना इथल्या इमारतींत आणलं, ते याच हवेसाठी रस्त्यावर आणि कोर्टात भांडले. तो लढा आपला आहे आणि खरा आहे. पण तुझी अडचण त्यात घालू नये. हा त्रास बऱ्याच अंशी घराण्यातून येतो, जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांच्या वर दिसला आहे.

आणि आपल्या घराण्यात तो कुठून आला हे मला आता दिसतं. तुझे आजोबा, माझे आबा, समुद्रावर असले की त्यांच्यासारखा माणूस नव्हता. जाळं कुठे टाकायचं हे पाण्याकडे बघून सांगायचे, वादळात डोकं थंड. किनाऱ्यावर मात्र होडीच्या कर्जाचा हप्ता, सोसायटीचा कागद, डिझेलचा हिशोब, सगळं अर्धवट. लोक तोंडावर बोलायचे, घरात आजी बोलायची, आणि शेवटी शेवटी तेच स्वतःला नालायक म्हणायला लागले. माझी बिलं पहिल्यांदा वेळेवर गेली त्या संध्याकाळी मला आनंद व्हायला हवा होता. मी मोरीत जाऊन रडले. आबांसाठी रडले, आणि बारावीला दोनदा बसून सोडून दिलेल्या त्या मुलीसाठीही. हे तुझ्याही वाट्याला येईल, कॉलेजची ती वाया गेलेली वर्षं आठवतील. औषध बाधलं असं समजून गोळी बंद करू नकोस. ते दुःख खरं आहे, त्याला थोडे दिवस दे. फारच जड झालं तर डॉक्टरांना सांग; १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

गोळी घेऊन काम करणं ही लबाडी वाटते, असंही तू म्हणालास. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हेच औषध रीतसर परवानगीने घेत होती. रिओ ऑलिंपिकनंतर, २०१६ मध्ये हॅकर्सनी तिच्या वैद्यकीय नोंदी उघड्या केल्या. तिने सरळ सांगितलं की मला एडीएचडी आहे, लहानपणापासून औषध घेते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि लक्ष फक्त कामापुरतंच लागतं असं नाही; तू तर मोटारसायकल चालवतोस. स्वीडनमध्ये १७ हजारांहून अधिक प्रौढ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा औषध चालू असलेल्या काळात पुरुषांच्या गंभीर वाहन अपघातांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी दिसला. बायकांत तसा स्पष्ट फरक आढळला नाही. तुझ्या दोन पडझडी मला आठवतात, म्हणून हा आकडा मी लक्षात ठेवला.

मेथिलफेनिडेट अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याच्या यादीत आहे. प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि मूळ चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दुकानदार चिठ्ठी उलटून-पालटून बघेल, तुझ्याकडे बघेल. मान खाली घालू नकोस. शेवटची पट्टी उघडलीस की लगेच पुढची आणायला जा. परीक्षेसाठी म्हणून कुणी मित्राने एखादी मागितली तर देऊ नकोस, कितीही जवळचा असला तरी.

आयुष्यभर घ्यावी लागेल का, ते आज ठरवायचं कारण नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांबरोबर बसून गरज आहे का ते पुन्हा बघायचं.

या शनिवारी आधी रक्तदाब आणि नाडी मोजून घे, पंपाचं डॉक्टरांना कळव, आणि ते हो म्हणाले की रविवारी सकाळी खाऊन पहिली गोळी घे. रविवारी मी घरीच आहे. दुपारी फोन कर, आणि तेव्हा तुझ्या मित्रालाही फोनवर दे, मला त्याच्याशी बोलायचं आहे. आईला तू सांगितल्यावर मी तिच्याकडे जाऊन बसेन.

तुझी,
आत्या