आधी डमी कर

कोल्हापूर

चि. मुक्ता,


भरती-ओहोटीच्या चित्रपुस्तकाची तुझी कल्पना फार आवडली. पान मिटलेलं असताना ओहोटी, दुमड उघडली की पाणी वाळूवर चढलेलं. मालवणच्या पोरांना यात काही समजावून सांगावं लागणार नाही, आणि लातूरच्या पोराला समुद्र न पाहता भरती कळेल. खटकलं ते एवढंच, की “कुणी चोरेल म्हणून अजून कुणाला दाखवलं नाही” असं तू लिहिलंस.

ही धास्ती काढून टाक. नुसत्या कल्पनेवर आपल्या कायद्यात कुणाचीच मालकी नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे स्वच्छ सांगितलंय: कॉपीराइट असतो तो मांडणीवर. ‘पान उघडलं की भरती’ ही युक्ती उद्या दुसऱ्या कुणालाही सुचेल आणि तुला काही म्हणता येणार नाही. पण तू काढलेला खेकडा, तू लिहिलेली ओळ कागदावर उतरली की तुझी, नोंदणी केलेली नसली तरी. संरक्षण हवं असेल तर पुस्तक पुरं कर.

दादासाहेब फाळक्यांची अडचण तुझ्या उलट होती. १९१२ मध्ये त्यांनी लंडनला जाऊन कॅमेरा विकत घेतला, पण चित्रपटात पैसे घालायला कुणी धजेना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभर त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बघता बघता बी फुटलं, कोंब आला, वेल वाढला. ते पाहिल्यावर कर्ज मिळालं. तरी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच, आणि कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडायचं किचकट कामही त्यांच्याच वाट्याला आलं. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कॉरोनेशन थिएटरला लागला. खरं शहाणपण वाटाणा निवडण्यात होतं. स्वस्त, घरच्या घरी होणारा, आणि समोरच्याला जी शंका होती नेमकी तीच फेडणारा.

तुझा वाटाणा म्हणजे डमी, पुस्तकाची नमुना प्रत. घरच्या प्रिंटरवर पानं काढ, मधे दोन पिना मार. पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. तुझी २२ बसत नाहीत, २० कर नाहीतर २४. घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने घाल. आडवी घातलीस तर जाड आर्ट पेपर तडकतो आणि निळ्या पाण्यात पांढरी रेघ उमटते. मग डमी बालवाडीत घेऊन जा. वाचून दाखवू नकोस. पोरांच्या हातात दे आणि गुपचूप बघत बस. दुमड न उघडताच पोरगं पुढे गेलं तर तिथे खूण हवी. पान फाटलं तर कागद बदल. “छान आहे हं” म्हणणाऱ्या मोठ्यांपेक्षा “परत दे ना” म्हणणारं पोर खरं गिऱ्हाईक.

त्यानंतर बाइंडरकडे जा, प्रकाशक मागाहून. छपाई मशीनवर होईल, पण असल्या दुमडी बहुधा हातानेच घालाव्या लागतील आणि खर्च तिथे फुगेल. दर ऐकून मग ठरव, सगळ्या पानांना दुमड हवी की चारच पुरेत. माझं विचारशील तर चारच ठेव. मधली पानं साधी असली की पाणी चढतं तेव्हा जास्त मजा येईल. कागद, प्लेटा, छपाई, बाइंडिंग, विक्रेत्याचं कमिशन, सगळं मांडून किंमत काढ. त्यात तुझी मेहनतही धर. ती फुकटात धरायची खोड चित्रकारांना फार.

आणि करार लेखीच. हक्क किती वर्षं, कोणत्या भाषांत, कुठे कुठे, हे त्यात असू दे. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं तर सही करण्याआधी मला फोन कर.

गणपतीला येशील तेव्हा डमी सोबत हवी, कशीही झालेली असो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा