घरांतील कोळी

पावसाळा सरून घरें झाडावयास काढलीं, कीं केरसुणीचा पहिला तडाखा बसतो तो कोळ्याला. आढ्याचीं जळमटें काढावीं हें योग्यच आहे. परंतु दिसेल तो कोळी विषारी समजून ठेंचावा, अशी जी समजूत गांवोगांवीं आहे, तिजविषयीं आम्ही आज थोडें लिहूं इच्छितों. या समजुतीनें कोळी मरतो तो मरतोच. कधीं कधीं माणसाच्याही जिवावर बेततें. तें कसें, हें पुढें सांगूं.

प्रथम या शेजाऱ्यांची ओळख. कोळी हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय, कोळ्यास आठ. काडीसारख्या लांब पायांचा जो कोळी कोपऱ्यांत उलटा लोंबत असतो, त्याला हळूच स्पर्श करून पाहावें. तो आपलें जाळें इतक्या वेगानें हलवूं लागतो कीं तो स्वतः अंधुकच दिसतो. याची मादी अंड्यांचा पुंजका तोंडांत धरून बसलेली आढळते. दुसरा भिंतीवरचा मोठा, चपटा, तपकिरी. पाय पसरले म्हणजे तळहाताएवढा भरतो, आणि दिवा नेतांच असा पळतो कीं मुलें किंचाळतात. हा शिकारीसाठीं जाळें विणीत नाहीं. रात्रीं हिंडून झुरळें धरतो. तिसरा खिडकीवर दिवसा उड्या मारणारा, बोटाच्या पेराहून लहान. त्याच्या तोंडावर पुढें चार डोळे असून मधले दोन फार मोठे असतात. आपण हललों कीं तो वळून पाहतो. माशीवर मांजराप्रमाणें दबा धरून झडप घालतो. आम्हांस हा सर्वांत आवडतो.

या तिघांनाही विष असतें, पण तें किड्यांपुरतें. मोठा कोळी हातांत दाबला गेला तर चावेल व कांहीं वेळ दुखेल, इतकेंच. सह्याद्रीच्या रानांत ढोलींत व बिळांत राहणारे केसाळ कोळी निराळे. तेथें हात घालूं नये.

मग अंगावर उठणारे फोड? पावसाळ्यांत मानेवर किंवा दंडावर ओरखड्यासारखा लाल पट्टा उठतो, आग होते, आणि घरचीं माणसें म्हणतात, “कोळी फिरला.” पुष्कळदां हें काम भाताच्या दाण्याएवढ्या एका तांबड्या-काळ्या किड्याचें असतें. तो दिव्याकडे येतो. तो चावत नाहीं. अंगावर चिरडला म्हणजे त्याचा दाहक रस कातडीस लागतो. फोड दुसऱ्या दिवशीं येतात, तोंवर किडा कोठला! आळ येतो तो समोर बसलेल्या कोळ्यावर. असा किडा फुंकून उडवावा. चिरडलाच तर ती जागा लगेच साबणानें धुवावी, व हात डोळ्यांस लावूं नये.

याहून गंभीर गोष्ट मण्यार सापाची. जमिनीवर निजलेल्या माणसास ती रात्रीं चावते. वेदना व सूज जवळजवळ नसते. खूणही पुष्कळदां सांपडत नाहीं. माणूस पहाटे पोटदुखीनें जागा होतो, आणि “कोळीबिळी चावला असेल” म्हणून त्याला पुन्हा निजवितात. मग पापण्या जड होऊन मिटूं लागतात, गिळवत नाहीं, शब्द अडखळतात, आणि शेवटीं श्वास बंद पडतो. घरांतल्या कोळ्याच्या चाव्यानें असें होत नाहीं. तेव्हां पापण्या मिटूं लागण्याची वाट न पाहतां, १०८ क्रमांकावर गाडी बोलावून, सर्पविषावरील इंजेक्शन जेथें मिळतें अशा सरकारी रुग्णालयांत रोग्यास तत्काळ न्यावें. खाटेवर, मच्छरदाणी गादीखालीं नीट खोंचून निजल्यास हें भय पुष्कळ कमी होतें.

जखमेवर कोळिष्टक दाबण्याची चाल कोठें कोठें आहे, ती सोडावी. त्यांत धूळच फार.

आणि कोळी घरांत नकोच असेल, तर त्यावर वाटी पालथी घालावी, खालून जाड कागद सरकवावा, व त्यास गोठ्यांत नेऊन सोडावें. तेथें त्याला माश्यांची वाण पडणार नाहीं.