काळी नदीचा जमाखर्च

नदी आली की शेती आली, असे आपण प्राथमिक शाळेपासून शिकत आलो आहोत. गंगेचे मैदान, नाईलचे खोरे, आपल्या राज्यातील कृष्णा-तुंगभद्रेचे कालवे ही त्याची ठळक उदाहरणे होत. परंतु आपल्या जोयडा तालुक्यातील काळी नदीला हा धडा लागू पडत नाही. असे का, आणि त्यातून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने काय शिकावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम भूगोल पाहू. काळी नदी याच तालुक्यात डिग्गी गावाजवळ सह्याद्रीत उगम पावते व सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. पाऊस मुबलक, पण तो बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. उतार तीव्र आणि सभोवती जंगल. कालवे काढावेत असे मैदान येथे नाही. दऱ्यांच्या तळाशी भाताची खाचरे, ओढ्याकाठी सुपारीच्या बागा आणि कुणबी बांधवांच्या परसात कणगी, करांदे, मुडली असे कंद, हे येथील शेतीचे स्वरूप होय.

मात्र जो उतार शेतीला अडचणीचा, तोच विजेला सोयीचा. गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ साली पुरे झाले. तेथील वीजगृह १०० मेगावॅटचे आहे. तेथून सुटलेले पाणी पुढे नागझरी, कोडसळ्ळी (१२० मेगावॅट) व कद्रा (१५० मेगावॅट) येथे पुन्हा जनित्रे फिरवते. कद्र्याच्या जलाशयाचे पाणी कैगा अणुवीज केंद्रासही लागते. म्हणजे एकच पाणी पाच ठिकाणी कामाला येते. ही झाली जमेची बाजू, आणि ती लहान नाही.

आता खर्चाची बाजू. तालुक्याचे जुने मुख्य ठिकाण सुपा पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्यास आल्या आणि अनेक कुटुंबे रामनगरला वसविली गेली. त्यांत आमचेही एक. आजोबा सांगत, शेताचे पैसे हाती आले, त्यांत घर उभे राहिले, आत्याचे लग्न झाले आणि रक्कम संपली. भात मात्र त्या वर्षापासून दुकानातून आणावा लागला.

हिशेबशास्त्राच्या तासाला घसारा शिकताना मला याचा अर्थ कळला. यंत्रावर घसारा काढतात, जमिनीवर काढत नाहीत. कारण यंत्र झिजते, जमीन झिजत नाही. ती दरवर्षी पीक देते. नुकसानभरपाई ही एकदाच होणारी भांडवली जमा. शेताचे पीक हे दरसालचे उत्पन्न. दरसालच्या उत्पन्नाच्या बदली एकदाची रक्कम दिली, की खाते जुळल्यासारखे दिसते, पण पुढच्या पिढीचे पान कोरेच राहते. उलट नदीची वीज दरसाल विकली जाते.

यावर उपाय नाही असे नाही. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात प्रकल्पाच्या विजेपैकी १ टक्का स्थानिक विकास निधीसाठी ठेवण्याचे तत्त्व आले. आपली धरणे त्यापूर्वीची आहेत. परंतु तत्त्व योग्य असेल तर ते जुन्या धरणांनाही का लावू नये? नवी जमीन देणे आता कठीण, कारण तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. पण वार्षिक निधीतून गावची शाळा, रस्ता, कंदांना व सुपारीला बाजारपेठ, हे सारे शक्य आहे.

धरण नको होते, असे माझे म्हणणे नाही. हा लेख मी रात्री विजेच्याच दिव्याखाली लिहिला आहे. म्हणणे इतकेच की, जमेच्या पानावर सबंध राज्य असेल, तर खर्चाच्या पानावर एकटा जोयडा असू नये. आपण उद्याचे हिशेबनीस आहोत. दोन्ही पाने वाचण्याची सवय आजच लावून घेऊ या.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)