आकाशमार्ग, रस्ता आणि मुसाफिराची नमाज

इशाच्या नमाजनंतर नागपूरचे एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी ते चार दिवसांकरिता मुंबईस आले होते. म्हणाले, "मौलानासाहेब, विमानाने दीड तासात पोहोचलो, काही त्रास झाला नाही. म्हणून रुग्णालयात जुहर आणि असर मी पूर्ण चार रकातच पढतो. बरोबर आहे ना?"

हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. म्हणून प्रथम अंतर पाहू. मुंबई व नागपूर या शहरांमधील आकाशमार्गाचे अंतर सुमारे 685 किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग ठाणे जिल्ह्यातील आमणे गावापर्यंतच 701 किलोमीटर भरतो, तर लोहमार्गाने सुमारे 840 किलोमीटर होतात. विमान जवळजवळ सरळ रेषेत जाते. रस्ता व रूळ यांना मात्र घाट, नद्या आणि गावे पाहून वळावे लागते.

शरीअतमध्ये कसरचा आधार प्रवास हा आहे. थकवा किंवा घड्याळातील तास नव्हे. हनफी उलेमांनी तीन दिवसांच्या प्रवासाचे हे अंतर आपल्याकडे 48 मैल, म्हणजे सुमारे 77 किलोमीटर ठरविले आहे. शाफई मसलकात ते साधारणपणे 82 किलोमीटर मानतात. नागपूरचे अंतर कोणत्याही मार्गाने याच्या कितीतरी पुढे आहे. सूरह निसामध्ये कसरचा उल्लेख शत्रूच्या भयासह आला आहे. भय सरल्यावर ही सवलत का, असे हजरत उमर (रजि.) यांनी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती अल्लाहची देणगी असून ती स्वीकारावी, असे समजावले.

मग मार्गातील फरकाला महत्त्व केव्हा येते? दापोलीहून गुहागरला दाभोळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडली तर अंतर 50 किलोमीटरच्या आसपास राहते; खेड-चिपळूणवरून गेल्यास ते सुमारे 100 होते. अशा वेळी प्रत्यक्ष घेतलेली वाट मोजावी, नकाशावरील सरळ रेषा नव्हे. हनफी मतानुसार लांबच्या वाटेने जाणारा मुसाफिर ठरतो, फेरीबोटीने जाणारा ठरत नाही. शाफई मतात एक अट अधिक आहे: लांबची वाट खऱ्या कारणासाठी घेतलेली असावी. चिपळूणला काम असणे हे कारण झाले. केवळ कसर मिळावी म्हणून वळसा घेणे हे कारण नव्हे.

कसर आपल्या गावाची वस्ती ओलांडल्यावर सुरू होते. हनफी मतात एका ठिकाणी पंधरा दिवस वा अधिक राहण्याचा इरादा केल्यास नमाज पूर्ण पढावी. शाफई मतात येण्या-जाण्याचे दिवस वगळून चार दिवसांचा इरादा असल्यास हाच नियम आहे. हनफींसाठी कसर वाजिब आहे, तर शाफईंसाठी ती सवलत आहे. मुकीम इमामाच्या मागे मात्र दोघांनीही पूर्ण नमाज पढावी.

ते गृहस्थ हनफी होते. त्यांना सांगितले, "चाचा, मशिदीत इमामामागे पढलेली नमाज योग्यच आहे. एकट्याने चार पढताना दुसऱ्या रकातनंतर बसला असाल तर फर्ज अदा झाले, पण पुढे तसे करू नका. बसला नसाल तर ती नमाज पुन्हा पढा."

ते क्षणभर थांबून म्हणाले, "बसलो होतो." मग मुलाकडे जायला उठले.

प्रवास सोपा झाला म्हणून अल्लाहची देणगी परत करावयाची नसते. अल्लाह आपणा सर्वांचा प्रवास सुखरूप करो. आमीन.