वळवाची रात्र आणि बांधावरचा कडुनिंब

वळवाचा पहिला दणका बसला, जमीन वीतभर भिजली, की त्या संध्याकाळी घरात बसू नका. सव्वासातच्या सुमाराला बॅटरी घेऊन बांधावरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहा. आधी काहीच नसतं. ओल्या मातीचा वास, लांब चारीकडून बेडकांचा गलका. मग ढेकळांखालून, सरीच्या वरंब्यातून चिंचोक्याएवढे तपकिरी भुंगेरे वर यायला लागतात आणि पाच-दहा मिनिटांत डोक्यावरच्या फांद्यांमध्ये भुर्रभुर्र सुरू होते. पानांवर बॅटरी मारली तर जोड्या लागलेल्या दिसतात. नंतर ते पाला खात बसतात आणि पहाटे उजाडायच्या आत पुन्हा मातीत जातात. सकाळी झाडाखाली गेलात तर कातरलेल्या पानांखेरीज हाताला काही लागत नाही.

हे हुमणीचे भुंगेरे. काही गावांत उन्नी म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरात उसाची पानं पिवळी पडतात, ठोंब हाताने ओढला तर मुळांशिवाय वर येतो आणि माणूस दुकानाकडे धावतो. पण ते नुकसान खरं तर या मे-जूनच्या रात्रींत ठरून गेलेलं असतं. म्हणूनच हे आत्ता, रोहिणी निघायच्या तोंडावर लिहितो आहे.

हुमणीची वर्षाला एकच पिढी होते, आणि आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी सोय हीच आहे. एक मादी मातीत साधारण ५० ते ६० अंडी घालते. पंधरवड्याच्या आसपास अळी बाहेर येते. लहान असताना ती कुजलेला पालापाचोळा आणि बारीक मुळं खाते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मोठी झाली की उसाचं, भुईमुगाचं, सोयाबीनचं मूळ सरळ तोडते. पुढे ती खोल जाऊन कोषात जाते, भुंगेरा होते आणि पुढच्या वळवाची वाट बघत जमिनीतच पडून राहते. आता हिशोब करा. अंडी घालायच्या आधी शंभर माद्या बादलीत पडल्या, तर पाच-सहा हजार अळ्या जन्मालाच आल्या नाहीत. ऑगस्टमध्ये कितीही औषध ओतलं तरी एवढं काम होत नाही, कारण तेव्हा अळी मोठी, कातडीने जाड आणि उसाच्या बुडाखाली असते. औषध तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही.

मग या रात्री काय करायचं? फांद्या आकडीने जोरात हलवायच्या. खाली गोणपाट किंवा जुनी ताडपत्री अंथरायची, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. आठ ते नऊ ही वेळ उत्तम. जोड्या लागलेल्या असताना ते सहज पडतात. कडुनिंब, बाभूळ आणि बोर ही त्यांची आवडती झाडं. एका झाडावर सरासरी वीस किंवा त्याहून जास्त भुंगेरे दिसले, तर शिवारात हुमणी उपद्रव देण्याइतकी आहे असं धरा. हेक्टरी एक प्रकाश सापळा लावला तरी चालतो, पण तो फक्त सात ते नऊ चालू ठेवा. रात्रभर दिवा ठेवला की त्यात आपल्या कामाचे किडेही पडतात, आणि मग एका हाताने कमवायचं, दुसऱ्याने घालवायचं असं होतं.

एकट्याने हे काम करून उपयोग थोडा. भुंगेऱ्याला गट नंबर कळत नाही. तुमच्या बांधावरचा मारला तरी शेजारच्या बाभळीवरचा रात्री तुमच्याच उसात अंडी घालून जातो. पहिल्या पावसानंतरच्या तीन-चार संध्याकाळी सगळ्या वस्तीने मिळून ठरवून घ्याव्यात, पोरांना बादल्या द्याव्यात. मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा फेरी मारावी.

अनेक ठिकाणी याच झाडांवर कीटकनाशक फवारायचा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायलाच हवं. त्या झाडावर रात्री फक्त भुंगेरा येत नाही. पिंगळा येतो. वटवाघळं घिरट्या घालतात. अंधार पडेपर्यंत कोतवाल तारेवरून झेप घेऊन उडते भुंगेरे टिपत असतो. खाली गवतात भेक जिभेने उचलत असतात. एका फवारणीत विषारी भुंगेरा या सगळ्यांच्या पोटात जातो. भुंगेरा पुढच्या वर्षी पन्नास अंडी घालून परत उभा राहील. पिंगळ्याच्या घरट्यात मात्र तीन-चारच अंडी असतात. विष मारायला निघालं की कीड मरते त्याच्या आधी तिला खाणारे संपतात, आणि भरून यायलाही त्यांनाच जास्त वर्षं लागतात. अन्नसाखळी या पुस्तकी शब्दाचा बांधावरचा अर्थ मला एवढाच दिसतो.

आपल्या नेवासा तालुक्यात हुमणी जास्त का जाणवते त्यालाही कारण आहे. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं, सोनई आणि भेंड्याच्या कारखान्यांना ऊस लागला, आणि काळ्या रानात बारमाही मूळ उभं राहिलं. लागण, त्यावर खोडवा, त्यावर अजून एक खोडवा. हुमणीला उपाशी राहायची पाळीच येत नाही. पूर्वी बाजरी निघाली की रान उन्हाळाभर तापायचं; नांगर चालला की अळ्या उघड्या पडायच्या आणि बगळे, साळुंक्या, कावळे त्यांना मिटक्या मारत खायचे. ही जमीन काही आज कसायला लागलेली नाही. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला प्रवरेकाठी उत्खनन केलं, तेव्हा तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचे अवशेष मिळाले. तेव्हापासून माणूस या मातीतून खातो आहे. सलग ऊस हा त्या मानाने कालचा पाहुणा.

ऊस सोडा असं मी म्हणत नाही. घर त्यावर चालतं हे मलाही माहीत आहे. पण ज्या रानात मागच्या वर्षी हुमणी लागली, तिथे दुसरा खोडवा ठेवू नका. ऊस निघाल्यावर खोल नांगरट करा आणि ती सकाळच्या वेळी करा. भर दुपारी नांगरलं तर पक्षी सावलीत असतात. सकाळी ट्रॅक्टरच्या मागे बगळ्यांची रांग लागते. एकदा थांबून बघा: फाळाने माती उलटली की पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली अळी क्षणभर वर राहते आणि बगळा ती उचलतो. त्या कामाला मजुरी लागत नाही.

मातीच्या आतही खाणारे आहेत. मेटाऱ्हायझियम नावाची बुरशी हुमणीच्या अळीवर वाढते. अळी आधी सुस्त होते, मग कडक होते आणि शेवटी तिच्या अंगावर हिरवट पूड धरते. अशी अळी सापडली तर फेकू नका, तिथेच मातीत राहू द्या. त्या पुडीतून बुरशी पुढे पसरते. ही बुरशी बाजारात मिळते. हेक्टरी २० किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जून-जुलैत जमिनीत ओल असताना सरीत टाका. अळी लहान असतानाच बुरशीचा उपयोग होतो. रासायनिक बुरशीनाशकाबरोबर कधीच देऊ नका, नाहीतर पैसे मातीत गेले म्हणून समजा. विकत घेताना पिशवीवरची तारीख बघा. उन्हात पडलेल्या जुन्या पिशवीत जिवंत काही उरलेलं नसतं.

शेणखताबद्दल एक गोष्ट. उकिरड्यात पांढऱ्या अळ्या दिसल्या की लोक घाबरतात. त्या सगळ्या हुमणीच्या नसतात. शेण आणि कुजलेलं खाऊन जगणाऱ्या भुंग्यांच्याही अळ्या तशाच दिसतात. तरीही कच्चं खत रानात टाकू नका. ते पसरून एक-दोन दिवस उन्हात ठेवा, कोंबड्या आणि साळुंक्या निवडून खातील, मग मातीत मिसळा.

जुने जाणते अजून फोरेटची आठवण काढतात. आपल्याकडे त्याला थिमेटच म्हणायचे. मूठभर दाणे सरीत टाकले की काम झालं अशी सवय लागली होती. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. ते दाणे अळीइतकेच गांडुळाला, पक्ष्याला आणि उघड्या हाताने टाकणाऱ्या मजुराला घातक होते. कोणी अजून आडमार्गाने देऊ केलं तर घेऊ नका.

विष साखळीतून किती लांब जातं याचा सगळ्यात कडू धडा आपल्याला गिधाडांनी दिला. गुरांना दुखण्यासाठी दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभरात गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली. जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं, तोवर गावाबाहेरच्या हाडकीवर गिधाडांऐवजी कुत्र्यांच्या टोळ्या बसल्या होत्या. गुरांना ताप किंवा सूज असेल तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमबद्दल विचारा. ते गिधाडांना सुरक्षित आहे.

उंदरांचंही तसंच. गव्हाणी घुबडाच्या एका कुटुंबाला वर्षाकाठी हजाराच्या आसपास उंदीर लागतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जुन्या विहिरीच्या कपारीत, पडक्या वाड्यात ते राहतं. अशुभ म्हणून त्याला दगड मारणं बंद करा. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवलंच, तर मेलेले उंदीर कोणाच्या पोटात जाऊ नयेत म्हणून रोज सकाळी गोळा करून खोल पुरा. धामण दिसली तर जाऊ द्या.

आता पाचट. ऊस तुटला की काडी लावायची घाई असते, आणि एका संध्याकाळी शिवारभर धूर उठतो. एका हेक्टरमधून ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र असतं, पालाश त्याहून जास्त, आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब. जाळलं की कर्ब आणि नत्र हवेत जातं. ठेवलं तर बुरशी त्याला खाते, बुरशीला बारीक किडे खातात, त्यांचं उरलंसुरलं गांडूळ खातं आणि त्यातून मुळाला घास मिळतो. खोडव्यात पाचट सरीत दाबा. एक टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका, वरून पाणी द्या. युरिया का? कुजवणाऱ्या जिवाणूंनाही जेवायला नत्र लागतं. ते वेगळं दिलं नाही तर उसाच्या ताटातलं घेतात आणि ऊस काही दिवस पिवळट दिसतो.

कुजलेलं मातीत असलं की केवड्यालाही आळा बसतो. आपल्याकडची अनेक रानं चुनखडीची आहेत. लोह जमिनीत असतं, पण पिकाला उचलता येत नाही. पान पांढरट पिवळं आणि शिरा हिरव्या राहिल्या, म्हणजे केवडा पडला, की समजा लोह मिळत नाही. लागणीच्या वेळी माती परीक्षण करून कमतरता असेल तर हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट आणि २० किलो झिंक सल्फेट दहापट शेणखतात काही दिवस मुरवून द्या. नुसतं सल्फेट टाकलं तर चुनखडी ते पुन्हा बांधून ठेवते. परीक्षणाची सोय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आहे, शिवाय शेवगाव तालुक्यातलं दहिगाव-नेचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळच आहे.

लोहाची ही वाट पानापाशी थांबत नाही. जिथे पिकाला लोह मिळत नाही त्या मातीतलं धान्य घरातल्या बाईच्या आणि पोरांच्या ताटात येतं. म्हणून मृगाच्या पेरणीत निदान घरापुरती अर्धा एकर बाजरी राखा. राहुरी विद्यापीठाचा धनशक्ती हा बाजरीचा वाण लोह जास्त असल्यामुळेच प्रसिद्ध आहे. दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर असा पेरा ठेवला तर तुरीचं मूळ नत्र धरतं, तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात, आणि भाकरीबरोबर वरणाचीही सोय होते. बांधाला हुलगा, मटकी, वाल टोचा. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी वालासारखी गावठी बियाणी जपली, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या घरात आजीच्या उतरंडीत असं बी उरलं असेल तर ते आधी शोधा.

एक विनंती खालच्या गावांसाठी. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा प्रवरेत धुऊ नका. ते पाणी प्रवरासंगमाला गोदावरीत मिळतं आणि पुढे नाथसागराच्या फुगवट्यात जातं. तिथे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात लांबून पाहुणे पक्षी येतात, भोई मासे धरतात, आणि पैठणपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत लोक तेच पाणी पितात. पंप धुतलेलं पाणी बांधाजवळ पडीक जागेत खड्डा करून ओता.

या वर्षी एक वही ठेवा, त्यात तीनच आकडे लिहा. पहिला, पहिल्या पावसानंतर एका झाडावर किती भुंगेरे. दुसरा, ऑगस्टमध्ये मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्यात किती अळ्या. एक जरी निघाली तरी उपाय करायला हवा. तिसरा, ऊस निघाल्यावर नांगराच्या मागे किती बगळे उतरले.