हाक मारली की स्वल्पविराम

बालमित्रांनो आणि मैत्रिणींनो,

पाहा, मी तुम्हाला हाक मारली आणि हाकेच्या पुढे शेपटीचे टिंब दिले. त्याचे नाव स्वल्पविराम. स्वल्प म्हणजे थोडा आणि विराम म्हणजे थांबणे. आपण कोणाला हाक मारतो तेव्हा आवाज जरासा थांबतो. बोलताना ते थांबणे ऐकू येते, पण कागदाला आवाज नसतो. म्हणून लिहिताना चिन्ह द्यावे लागते. हे चिन्ह शिरोरेषेला लटकवायचे नाही, अक्षराच्या पायाशी द्यायचे.

कोणी म्हणेल, एवढंसं टिंब, नाही दिलं तर काय बिघडतं? तर ही दोन वाक्ये वाचा.

आई भाकरी भाजते.
आई, भाकरी भाजते.

पहिल्या वाक्यात चुलीपुढे आई बसली आहे. दुसऱ्या वाक्यात मुलगी आईला सांगते की मी भाजते. असे का झाले? मुलगी 'मी भाजते' म्हणते आणि आईबद्दलही आपण 'ती भाजते' असेच म्हणतो. क्रियापद एकच. 'मी' हा शब्द गाळला की काम कोणाचे, हे फक्त स्वल्पविराम सांगतो. आणखी बघा. 'बाबा आले.' म्हणजे बाबा घरी आले. 'बाबा, आले!' म्हणजे बाबांनी बोलावले आणि मुलीने ओ दिली.

मागच्या सुगीत आमच्या घरी काय झाले ते सांगते. काकू बाळाला डोस द्यायला गेली. जाताना तिने आबांसाठी चिठ्ठी ठेवली, 'आबा दवाखान्यात गेले. किल्ली शेजारी आहे.' आबांच्या आधी आजी रानातून आली. आजीला वाचता येत नाही. माझा चुलतभाऊ दुसरीत आहे. त्याने चिठ्ठी एका दमात वाचली. झाले! आजीला वाटले, आबांनाच काहीतरी झाले. तिने डोक्यावरची पाटी तिथेच टाकली आणि अनवाणी सडकेकडे निघाली. वाटेत आबाच बैल घेऊन येताना दिसले. आजी मटकन खाली बसली. रात्री सगळे हसले, पण आजी हसली नाही. काकूला म्हणायचे होते, 'आबा, दवाखान्यात गेले.' 'आबा, मी दवाखान्यात गेले आहे' असे लिहिले असते तर अजून चांगले. चिठ्ठी वाचणाऱ्याला आपण विचारायला जवळ नसतो, हे ध्यानात ठेवावे.

आता नियम पाहू. हाकेची जागा तीन ठिकाणी असते.

१. हाक सुरुवातीला असेल तर तिच्या नंतर स्वल्पविराम. उदा. बाई, पाणी पिऊन येऊ का?

२. हाक शेवटी असेल तर तिच्या आधी. उदा. जरा थांब, ताई.

३. हाक मध्ये असेल तर दोन्ही बाजूंना. उदा. आता सांगा, मुलांनो, पाऊस कोठून येतो? मधल्या हाकेला एकच स्वल्पविराम देणे म्हणजे गोठ्याला एकाच बाजूने कूड घालणे.

अरे, अगं, अहो हे शब्द हाकेबरोबर आले तर ते हाकेतच धरायचे. उदा. अहो काका, तुमची पिशवी राहिली. फार मोठ्याने किंवा घाबरून हाक मारली तर उद्गारचिन्ह देतात. उदा. आजी! साप!

हाकेच्या या रूपाला व्याकरणात संबोधन म्हणतात. ती आठवी विभक्ती आहे. काही शब्द हाक मारताना बदलतात. मुलगा याचे 'मुला' होते, मैत्रिणी याचे 'मैत्रिणींनो' होते. ते ऐकले की हाक आहे हे कळते. पण आई, बाबा, दादा, ताई, आजी, काका हे शब्द बदलत नाहीत. आपण सर्वांत जास्त हाका तर यांनाच मारतो! म्हणून तिथे स्वल्पविराम विसरू नये.

हाक आहे की नाही हे ओळखायची एक युक्ती आहे. शब्दाच्या आधी अरे, अगं किंवा अहो लावून बघा. 'अगं आई, भाकरी भाजते' हे जुळले आणि आपल्याला तेच म्हणायचे असेल, तर ती हाक आहे.

बाईंनी सांगितले की पूर्वी मराठीत ही चिन्हे नव्हती. पोथीत उभ्या रेघा, म्हणजे दंड, असत. मोडीतली पत्रे तर सलग लिहीत, शब्दसुद्धा तोडत नसत. पुढे मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थांनी मराठीत विरामचिन्हे आणली. त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० साली निघाले. म्हणजे आपले स्वल्पविराम पावणेदोनशे वर्षांचे आहेत.

आता तुम्ही सोडवा. स्वल्पविराम द्या.

१. बाई घंटा वाजवू का?
२. चला पोरांनो मैदानावर.
३. उद्या येशील का मावशी?
४. अहो मामा बैलांना पाणी दाखवलं का?

आणि हे कोडे. 'दादा विहिरीवर जातो.' या वाक्याचे दोन अर्थ काढा. उत्तरे वहीत लिहून बाईंना दाखवा.

पालकांनो, आपण शाळेत आला आहात तर एक काम करा. वरची भाकरीची दोन वाक्ये आपल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. तो दुसऱ्या वाक्यात 'आई' म्हणून थांबला, तर त्याला स्वल्पविराम समजला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नुसते ऐकावे. कानाला सगळे कळते.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी