‘अर्धा तास, साहेब’

शनिवार होता. संध्याकाळी घरच्यांना घेऊन अक्कलकोटला जायचं ठरलं होतं, आणि सकाळी अकराला मी गाडी दुकानात नेली. काम दोनच गोष्टींचं: चोरीचा सायरन आणि चारही दारांना रिमोटचं लॉक. किती वेळ लागेल, असं विचारलं. पोरगा बॉनेट उघडता उघडता म्हणाला, “अर्धा तास, साहेब. चहा घेऊन या.”

चहा घेऊन आलो तर चारही दारांची पॅडं फुटपाथवर ओळीनं मांडलेली. माझी गाडी अगदी साधं मॉडेल, काचा हातानं फिरवायच्या. पॅड काढायचं तर आधी ते हँडल काढावं लागतं, आणि हँडलमागची तारेची बारीक क्लिप सुटली की थेट गटाराच्या दिशेनं उडते. एक उडालीच. ती शोधण्यात वीस मिनिटं गेली. शिवाय सोलापूरच्या उन्हात आठ वर्षं भाजलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा, त्या हात लावताच तुटत होत्या. चौथ्या दाराची मोटर बसेपर्यंत चार वाजले. सायरनची जोडणी अजून व्हायचीच होती.

सहा वाजता घरून तिसरा फोन आला. पोरगा डिकीत वाकून तारा पिळत होता. मीच म्हणालो, “टेप राहू दे रे, उद्या मारू. आधी पॅडं बसव.” त्यानं माझं ऐकलं. त्या गडबडीत मला सगळ्यात महाग पडलेलं वाक्य तेच. उद्या काही मी गेलो नाही.

गाडी लॉक केली की एकदा ‘पिप’ व्हायला हवं होतं, माझी तीनदा करायची. मला वाटलं, हिची पद्धतच अशी असेल. अक्कलकोटहून आल्यावर शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात गाडी उभी केली, आणि बुधवारी सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक्’. डॅशबोर्डवरचे दिवेसुद्धा लागेनात.

बॅटरीचं दुकान गाठणार होतो, पण शेजारचे अण्णा म्हणाले, “थांब बे, आधी करंट कुठं जातोय ते बघ.” त्यांच्या ओळखीचे एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन मामा आले. त्यांनी चार्ज केलेली बॅटरी लावली, तिच्या तारेत मीटर जोडला आणि दहा मिनिटं काही न करता बसून राहिले. गाडी बंद केली तरी तिच्यातली यंत्रं झोपी जायला वेळ घेतात, त्याआधीचा आकडा खरा नसतो. मग बघितलं तर ०.४ अँपिअर. बंद गाडीत हा आकडा ०.०५ च्या आत असायला हवा. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी ०.४ नं रिकामी होऊ लागली तर साधारण साडेतीन दिवसांत संपते. शनिवार रात्र ते बुधवार सकाळ, हिशेब चोख.

मामांनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघाला आणि काटा खाली आला. फ्यूज परत लावून त्यांनी डिकी उघडली, दिव्याला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. “डिकीत चार दिवस दिवाळी चाललीय तुमच्या.” टेप न मारलेला जोड डिकीच्या पत्र्याला टेकला होता. त्यामुळे ५ वॅटचा दिवा रात्रंदिवस जळत होता आणि डिकी उघडीच आहे असं सायरनला वाटत होतं. ते तीन ‘पिप’ म्हणजे त्याची तक्रार होती.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगतो: ‘किती वेळ लागेल’ हा पहिला प्रश्न नव्हेच. काय काय उघडणार, कुठल्या तारा कापणार, ते आधी विचारा. गाडीला कंपनीचंच सेंट्रल लॉक असेल आणि तिच्या मॉडेलचा कपलर मिळत असेल, तर दारं न उघडता तास-दीड तासात नुसता सायरन बसतो. चार मोटरी घालायच्या तर अर्धा दिवस धराच. दाराकडं जाणारी तार मूळच्या रबरी नळीतूनच ओवायला लावा. बाहेरून नेली तर काम अर्ध्या तासानं लवकर होतं आणि दर वेळी दार लावताना ती चेपते. वॉरंटीतली गाडी असेल तर तारा कापण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. विम्यात सवलत मिळते असं दुकानदार सांगतात, तेही अर्धंच खरं. जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे ती ओन डॅमेज हप्त्यावर २.५ टक्के, फार तर ५०० रुपये होती; तेही यंत्र पुण्याच्या एआरएआय संस्थेनं मान्य केलेलं आणि बसवल्याचं ऑटोमोबाईल असोसिएशनचं प्रमाणपत्र असलं तरच. आता किती, ते विमा कंपनीलाच विचारा.

रिमोट स्टार्टचा मोह मलाही झाला होता. मे महिन्यात पारा ४२ च्या वर, घरातून बटण दाबावं आणि गार गाडीत बसावं, कुणाला नको? दाजींनी बसवून घेतलं, हातानं गिअर टाकायच्या गाडीला. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायची त्यांची जुनी सवय. गॅलरीतून बटण दाबलं, गाडीनं हिसका दिला आणि पुढची स्कूटर आडवी. माणूस नव्हता, नशीब. अशा गाडीसाठीच्या चांगल्या यंत्रात न्यूट्रलची अट असते: न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू ठेवून बाहेर यायचं, दार लावल्यावर यंत्र स्वतः इंजिन बंद करतं, नंतर दार उघडलं की रिमोट स्टार्ट रद्द. ती जोडणी आणि तपासणी करायची तर अख्खा दिवस जातो. किल्लीत चिप असेल तर आणखी एक मॉड्यूल, आणि काही मॉड्यूलमध्ये तुमचीच दुसरी किल्ली डॅशबोर्डमागं कायमची ठेवावी लागते. चोराची सोयच की ती! वर मोटार वाहन कायद्याचं कलम १२६: सार्वजनिक जागी गाडी उभी असताना चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल तर इंजिन बंदच हवं. आमच्या पेठेत स्वतःचं पार्किंग कुणाकडं आहे? बंद गॅरेज असलं तर तिथं धुराचा धोका, तो वेगळाच.

मामांनी माझं काम पुन्हा केलं, सकाळी दहा ते दुपारी चार. त्यातला पाऊण तास नुसता सायरनचा शॉक सेन्सर जुळवण्यात गेला. काचेवर बोटाची टिचकी मारायची, स्क्रू किंचित फिरवायचा, मग शेजारून बुलेट न्यायला लावायची. सेन्सर फार हळवा ठेवला तर मांजरानंही सायरन होतो. तरी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की आमची गाडी त्याला साथ देतेच. म्हणून त्या रात्री मी सेन्सर बंद करून फक्त लॉक लावतो. रिमोटवर त्याचं बटण असतं, ते दुकानातच विचारून घ्या. गेल्या गड्ड्यात विसरलो होतो. यंदा किंक्रांतीला, दारूकामाच्या संध्याकाळी, अण्णा गॅलरीतूनच ओरडले, “का बे, आज तुझी पण वाजणार का?”